भोंग्यातलं ‘आम्ही’, कॅसेटमधलं ‘मी’



आज एका गायिकेची गोष्ट सांगणार आहे, आणि तिचं गाणं रात्री दार लावून ऐकणाऱ्या पोरापोरींची. गायिका तैवानची, ऐकणारी पोरं चीनची. गायिकेचं नाव तेरेसा तेंग. आपल्याकडे हे नाव फार कुणाला माहीत नाही. पण चीन, तैवान, हाँगकाँग, मलेशिया इकडे आज साठीच्या घरात असलेल्या बायांपुढे हे नाव काढलं, तर लताबाईंचं नाव काढल्यावर आपला चेहरा जसा खुलतो, तसा त्यांचा खुलतो.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायांना चीनच्या गाण्याचं काय करायचंय? तर त्याला कारण आहे. हल्ली गटांच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली, की एक तक्रार हमखास निघते. पोरगी कानात वायर घालून बसते. कुठल्या कुठल्या देशाची गाणी ऐकते. शब्द कळत नाहीत तरी पाठ म्हणते. कोरियाच्या पोरांचे फोटो वहीत चिकटवते. आईला वाटतं, पोरगी हातातून चालली. कुणी मोबाइल काढून घेते, कुणी रिचार्ज बंद करते. माझं मत मी शेवटी सांगीन. आधी इतिहासात बघू, की पोरं गाणी ऐकतात म्हणून कुणाला अशी धास्ती वाटली होती का, आणि पुढे काय झालं. चीनमध्ये ही धास्ती एका आईला नाही, अख्ख्या सरकारला वाटली होती.

थोडं मागे जाऊ. आपला देश १९४७ ला स्वतंत्र झाला, त्याच सुमाराला चीनमध्ये घरातलंच युद्ध पेटलं होतं. एका बाजूला माओ त्से तुंग यांचे कम्युनिस्ट, दुसऱ्या बाजूला चँग कै शेक यांचा राष्ट्रवादी पक्ष. १९४९ मध्ये कम्युनिस्ट जिंकले. हरलेली बाजू सैन्य आणि सरकार घेऊन समुद्रापलीकडच्या तैवान बेटावर गेली. लाखो माणसं त्यांच्याबरोबर गेली. कुणाचे आईबाप मागे राहिले, कुणाची बायको मागे राहिली. मध्ये समुद्राची खाडी आणि दोन्हीकडे तोफा. पत्र नाही, निरोप नाही, येणंजाणं नाही. असं जवळजवळ चाळीस वर्षं चाललं. आपल्याकडे फाळणीत जे झालं ते ज्यांनी ऐकलंय त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको.

अशाच एका आलेल्या सैनिकाच्या घरी, तैवानच्या युनलिन जिल्ह्यात, २९ जानेवारी १९५३ रोजी तेरेसाचा जन्म झाला. तिचं चिनी नाव तेंग ली-च्युन. पाच भावंडं, त्यात ही एकटी मुलगी. वडील चीनच्या हपेई प्रांतातले, आई शानतुंगची. सैनिकांच्या कुटुंबांसाठी बांधलेल्या वसाहतीत ही माणसं राहायची. घरात पैसा नव्हता. गाण्याची आवड मात्र होती. वडिलांना चिनी संगीत नाटकाचा नाद, आईला सिनेमाचा.

१९६३ मध्ये एक संगीत सिनेमा आला आणि तैवान त्याच्यामागे वेडं झालं. त्याची गोष्ट चीनमध्ये घरोघरी माहीत असलेली जुनी लोककथा आहे. एका मुलीला शिकायचं असतं, पण मुलींना शाळेत घेत नाहीत, म्हणून ती मुलाचा वेश करून शिकायला जाते. या सिनेमातलं गाणं गाऊन दहा-अकरा वर्षांच्या तेरेसाने रेडिओची स्पर्धा जिंकली. तिथून कार्यक्रमांची बोलावणी यायला लागली. रात्री गाणं आणि सकाळी शाळा, हे काही जमेना. शेवटी शाळा की गाणं, असा प्रश्न आला आणि शाळा सुटली. चौदाव्या वर्षी तिची पहिली तबकडी निघाली. शिकण्यासाठी वेश बदलणाऱ्या मुलीचं गाणं गाऊन जी पुढे आली, तिचीच शाळा त्या गाण्यापायी सुटली. तिच्या कमाईवर घर चालायला लागलं. घराला हातभार लावताना पोरीची शाळा सुटणं आपल्याला काही नवीन नाही. आपल्याकडे ऊसतोडीला जाताना सुटते, तिची स्टेजवर सुटली.

१९६९ मध्ये तैवानच्या टीव्हीवर पहिली मालिका लागली. तिचं शीर्षकगीत तेरेसाने गायलं. पुढे हाँगकाँग, सिंगापूर, मलेशिया झालं. मग जपान. १९७४ मध्ये जपानी भाषेत गायलेल्या ‘विमानतळ’ नावाच्या गाण्याला तिथे नव्या कलाकाराचं बक्षीस मिळालं. विशीत पोचेपर्यंत ती अर्ध्या आशियात माहीत झाली होती. एकाच देशात तिचं नाव कुणी घेत नव्हतं. ज्या देशातून तिचे आईबाप आले, त्या चीनमध्ये.

आता त्या चीनमध्ये काय चाललं होतं ते बघा. १९६६ ते १९७६ ही दहा वर्षं तिथे ‘सांस्कृतिक क्रांती’ची गेली. नावात संस्कृती आहे, पण काम उलटं. जुनी पुस्तकं जाळली, देवळं फोडली, शिक्षकांना भर चौकात अपमानित केलं. महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षा बंद पडल्या, त्या १९७७ ला पुन्हा सुरू झाल्या. शहरातल्या दीड कोटीहून जास्त तरुण पोरापोरींना खेड्यात शेतावर काम करायला पाठवलं. सगळ्यांचे कपडे निळे, हिरवे नाहीतर करडे. बाईने केस कुरळे करणं, ओठ रंगवणं हे श्रीमंतांचे चाळे ठरले.

आणि गाणी? गावोगाव तारेने जोडलेले भोंगे होते. सकाळी भोंगा वाजला की उठायचं, भोंग्यावर बातम्या, भोंग्यावर हुकूम, भोंग्यावर गाणी. भोंगा बंद करायचं बटण आपल्या हातात नाही. स्टेजवर सरकारने ठरवून दिलेले आठच नमुना खेळ चालायचे, त्यात नाटकंही आली आणि नाचही आले. लोक दबक्या आवाजात म्हणायचे, ऐंशी कोटी माणसं आणि आठ खेळ. गाण्यांचा विषय पक्ष, माओ, कारखाना, शेत, शत्रू. गाण्याची पद्धतही ठरलेली, छाती पुढे काढून, उंच खणखणीत आवाजात, समोरच्या हजार माणसांना हुकूम दिल्यासारखी. प्रेम, आठवण, एकटेपण, आईची माया, चंद्र, पाऊस यातलं काही नाही. अशा काळात दहा वर्षांचं पोर वीस वर्षांचं झालं. त्याला जे वाटत होतं ते बोलायला त्याच्याजवळ एक गाणं नव्हतं.

अशा घरांत रात्री रेडिओ लागायचा. लघुलहरींवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर, तैवानची आणि हाँगकाँगची केंद्रं खरखरत ऐकू यायची. याला ‘शत्रूचं केंद्र ऐकणं’ म्हणायचे आणि हा गुन्हा होता. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात यापायी माणसं तुरुंगात गेली. १९७६ मध्ये माओ वारले. १९७८ च्या अखेरीस नवे नेते डेंग शियाओपिंग यांनी देशाची दारं थोडी उघडली, तशी शिक्षेची धार कमी झाली. तरी लोक आवाज बारीक करून, गोधडी अंगावर ओढून ऐकायचे. आणि त्या खरखरीतून एका बाईचा मऊ, जवळून बोलल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज तेरेसाचा.

सरकारला नको असलेलं गाणं लोक दुसऱ्या केंद्रावर शोधतात, हे आपल्याकडेही झालंय. अर्थात आपल्याकडे तुरुंग नव्हता. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटायची, लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकावं असं वाटायचं. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गेली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. शेवटी १९५७ मध्ये आपल्या सरकारने विविध भारती काढली आणि गाणी घरी परत आली. लोकांच्या कानाला कुंपण घालता येत नाही, एवढं यातून कळतं.

चीनमध्ये रेडिओच्या मागोमाग कॅसेट आली. हाँगकाँगहून नातेवाईक भेटायला येताना विटेएवढा टेपरेकॉर्डर घेऊन यायचे, त्यात तेरेसाची एखादी कॅसेट असायची. ती एक कॅसेट गल्लीत फिरायची. दोन टेप समोरासमोर ठेवून तिची दुसरी काढायची, दुसरीवरून तिसरी. दहावी कॅसेट निघेपर्यंत मागे कुत्रं भुंकलेलं आणि कुणी खोकलेलंही त्यात यायचं. पोरं शब्द ऐकून वहीत उतरवून घ्यायची. कळला नाही शब्द तर पुन्हा मागे फिरवायचं. आपल्यापैकी ज्या माझ्या वयाच्या आहेत, त्यांनी पेन्सिलीने कॅसेटची फीत गुंडाळलेली आठवत असेल. तेच ते. फरक एवढाच, की आपल्याला त्यात भीती नव्हती.

तेव्हा चीनमध्ये एक म्हण निघाली. दिवसा म्हाताऱ्या डेंगचं ऐका, रात्री छोट्या डेंगचं ऐका. चिनी भाषेत डेंग आणि तेंग हे आडनाव एकच आहे. म्हातारा डेंग म्हणजे देशाचे नेते डेंग शियाओपिंग, आणि छोटी डेंग म्हणजे तेरेसा. दिवसा सरकार, रात्री गाणं.

आता मुख्य गोष्ट. तिच्या गाण्यात असं होतं तरी काय? क्रांती नव्हती. सरकारला शिव्या नव्हत्या. साधी प्रेमाची गाणी. तिचं एक गाणं सगळ्यात गाजलं, त्यात एकजण दुसऱ्याला सांगतो, की माझ्या मनात काय आहे ते आकाशातल्या चंद्राला विचार. १९७७ मध्ये तिने ते गायलं. एवढ्याशा गोष्टीने पोरांचं काय व्हावं?

चीनचे एक मोठे सिनेमा दिग्दर्शक आहेत, जिया झांगके. १९७० चा जन्म, शान्शी प्रांतातल्या फनयांग नावाच्या छोट्या गावातले. लहानपणी ते रेडिओवर तेरेसाचं गाणं ऐकायचे. त्यांनी आपल्या मुलाखतींत एक फार नेमकी गोष्ट सांगितली आहे. ते म्हणतात, की त्याआधी आम्ही जी गाणी म्हणायचो त्या सगळ्यांत ‘आम्ही’ होतं. आम्ही कामगार, आम्ही देशाचे वारस, आम्ही नवी पिढी. तेरेसाच्या गाण्यात पहिल्यांदा ‘मी’ ऐकलं. मला वाटतं. मला आठवतं. माझं मन. त्या पोराला तोवर माहीतच नव्हतं, की आपल्या आत असं काही असतं आणि ते बोलून दाखवता येतं. पुढे हा मुलगा मोठा झाला आणि त्याने २००० मध्ये ‘प्लॅटफॉर्म’ नावाचा सिनेमा काढला. छोट्या गावातल्या एका कलापथकाची गोष्ट. सुरुवातीला ही पोरं माओची गाणी गातात, आणि बघता बघता दहा वर्षांत त्यांचे केस, कपडे, गाणी आणि मनं बदलतात. आपलं तरुणपण त्याने त्यात ठेवलं.

आपल्याला हा ‘मी’ लवकर समजेल. आपल्या आया-आज्या पहाटे जात्यावर बसायच्या, तेव्हा दिवसभर घरासाठी राबणारी बाई त्या अंधारात स्वतःचं बोलायची. माहेर, भाऊ, सासूचा जाच, पोटातलं दुःख. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. चारचौघांत जे बोलायची सोय नव्हती ते जात्यावर बोलता आलं. चीनच्या पोरांना तेवढंही उरलं नव्हतं. त्यांचं जातं म्हणजे ती कॅसेट.

सरकारच्या हे लक्षात आलं नाही असं नाही. तेरेसाच्या गाण्यांना ‘पिवळी गाणी’ म्हणायला लागले. आपण घाणेरडं म्हणतो तसं चिनी भाषेत पिवळं म्हणतात. माणसाला ढिलं करणारा, बिघडवणारा आवाज, असं म्हणून हिणवलं गेलं. १९८२ मध्ये बीजिंगच्या सरकारी संगीत प्रकाशनाने ‘पिवळी गाणी कशी ओळखावीत’ अशी एक पुस्तिकाच काढली. कुजबुजल्यासारखं, श्वास सोडत गायलं तर ते वाईट, असलं त्यात शिकवलं होतं. चीनमधल्या ली गुयी नावाच्या गायिकेने १९८० च्या सुमाराला असं हळुवार गाणं गायलं, तर तिच्यावरही टीकेची झोड उठली आणि गाणं बंद झालं.

पण पुढची गंमत ऐका. १९८३ मध्ये चीनच्या टीव्हीने नववर्षाच्या रात्री मोठा कार्यक्रम केला. प्रेक्षकांना सांगितलं, फोन करा आणि कुठलं गाणं हवं ते सांगा. फोनवर फोन आले आणि लोकांनी तेच बंद केलेलं गाणं मागितलं. चिठ्ठ्यांचा ढीग साचला. खात्याचे मंत्री तिथेच बसलेले. शेवटी त्यांना हो म्हणावं लागलं, आणि ली गुयीने सगळ्या देशासमोर ते गायलं. त्याच वर्षी थंडीच्या तोंडाला सरकारने ‘मनाचं प्रदूषण’ हटवण्याची मोहीम काढली. तेरेसाच्या कॅसेट जप्त झाल्या. पण ती मोहीम दोन-तीन महिन्यांत थंडावली. तोवर ही गाणी लोकांना तोंडपाठ झाली होती. कॅसेट जप्त करता येते, पाठ झालेलं गाणं कसं जप्त करणार?

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ती झाकून ठेवणं बरोबर नाही. चीनने तेरेसाचं गाणं अडवलं, तर तैवानच्या सैन्याने ते हत्यार म्हणून वापरलं. चीनच्या किनाऱ्याला अगदी लागून किनमेन नावाचं तैवानच्या ताब्यातलं बेट आहे. तिथे १९६७ मध्ये सिमेंटची उंच भिंत बांधली आणि तिच्यात ४८ भोंगे बसवले. तोंड चीनकडे. त्यातून प्रचार चालायचा, आणि त्याच भोंग्यांतून तेरेसाचं गाणं आणि तिचं बोलणंही समुद्रापलीकडे सोडलं जायचं. तिकडून चीनचे भोंगे इकडे ओरडायचे. तेरेसा सैनिकांपुढे गायची, गणवेश घालून फोटो काढायची. ती सैनिकाची लेक होती, तिला ते मनापासून वाटत असेल. पण बघा, एकीकडे एका सरकारने तिचा आवाज विष म्हटलं, दुसरीकडे दुसऱ्या सरकारने तो तोफेसारखा वापरला. गाणारी बाई एकच. चीनमधली पोरं मात्र तो आवाज ना विष म्हणून ऐकत होती, ना प्रचार म्हणून. त्यांना त्यातून काय घ्यायचं ते त्यांचं त्यांनी घेतलं.

तिचं स्वतःचं आयुष्य सोपं नव्हतं. १९७२ मध्ये जपानने चीनशी नातं जोडलं आणि तैवानशी तोडलं. तैवानच्या पासपोर्टवर प्रवास म्हणजे कटकट. १९७९ मध्ये ती दुसऱ्या देशाच्या, इंडोनेशियाच्या पासपोर्टवर जपानला उतरली आणि पकडली गेली. एक वर्ष जपानची बंदी. घरी बदनामी झाली. ती अमेरिकेला गेली, काही काळ तिथे राहून शिकली. शाळा अर्धी राहिल्याची रुखरुख तिला असणार, असं मला वाटतं. १९८४, ८५, ८६ अशी सलग तीन वर्षं तिने जपानमध्ये मोठं बक्षीस मिळवलं.

चीनला जाऊन गाण्याचं मात्र राहूनच गेलं. १९८९ च्या वसंतात बीजिंगच्या चौकात विद्यार्थी लोकशाही मागत बसले होते. २७ मे रोजी हाँगकाँगच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर त्यांच्यासाठी मोठा कार्यक्रम झाला. तिथे तेरेसा आली, साध्या कपड्यांत, आणि डोंगरापलीकडे राहिलेल्या घराबद्दलचं एक जुनं गाणं गायली. आठवड्यात, ४ जूनला, बीजिंगमध्ये रणगाडे आले आणि पोरं मारली गेली. ती पॅरिसला राहायला गेली. आईबापांच्या देशात तिने कधी पाऊल ठेवलं नाही. ८ मे १९९५ रोजी थायलंडच्या चिआंग माई गावी, एका हॉटेलात, दम्याच्या झटक्याने ती गेली. वय ४२. तैवानने तिला सरकारी मानाने निरोप दिला. तैपेईजवळच्या डोंगरावर तिची समाधी आहे, तिथे पियानोच्या पट्ट्यांसारखी मोठी पट्टी बांधली आहे. लोक तिच्यावर पाय ठेवून सूर वाजवतात. पुढे येणं सोपं झालं, तसे चीनमधलेही कितीतरी लोक तिथे फुलं ठेवायला येऊ लागले.

तिच्या जाण्याने त्या पिढीला काय वाटलं ते एका सिनेमात फार छान आलं आहे. १९९६ चा हाँगकाँगचा सिनेमा, नाव तेरेसाच्याच एका गाण्यावरून दिलेलं. चीनमधून पोटापाण्यासाठी हाँगकाँगला आलेले एक मुलगा आणि एक मुलगी नववर्षाच्या बाजारात तेरेसाच्या कॅसेट विकायला बसतात. धंदा बुडतो. का? कारण ती कॅसेट हातात घेतली तर आपण चीनमधून आलोय हे सगळ्यांना कळेल, आणि त्याची लाज वाटते. शहरात गेलेली आपली पोरं आपली बोली लपवतात ना, तसं. शेवटी खूप वर्षांनी ते दोघं न्यूयॉर्कच्या रस्त्यावर, दुकानाच्या काचेतल्या टीव्हीवर तिच्या मृत्यूची बातमी बघत उभे असतात आणि एकमेकांना ओळखतात. ज्या आवाजाची लाज वाटली होती, त्याच आवाजापाशी येऊन त्यांना आपलं माणूस सापडतं.

आणि तो ‘बिघडवणारा आवाज’? १९९५ मध्येच बीजिंगमध्ये वाढलेल्या वांग फेई या गायिकेने तेरेसाची गाणी गाऊन एक कॅसेट काढली आणि तिला नाव दिलं, त्याच शिवीवर शब्दखेळ करून. लहानपणी जो शब्द शिवी म्हणून ऐकला, तो तिने मिरवला.

आता आपल्याकडे येऊ. मैत्रिणींनो, बचत गटाचं काम ‘आम्ही’वर चालतं. ठराव वहीत आपण लिहितो, आम्ही सर्व सभासद असं ठरवतो. या ‘आम्ही’ने आपल्याला बँकेच्या दारात उभं केलं, म्हणून मी त्याला कमी लेखत नाही. पण गटात कर्ज मागताना एकेकीला उभं राहून सांगावं लागतं, मला शेळी घ्यायची आहे, मला शिलाई मशीन घ्यायची आहे. तेव्हा कितीतरी जणींच्या तोंडून ‘मला’ हा शब्दच निघत नाही. ‘आमचे हे म्हणतात’, ‘घरचे म्हणतात’ असंच निघतं. ‘मी’ म्हणायला शिकावं लागतं. ते कुणी शाळेत शिकवत नाही. पोरगी ते कुठूनतरी उचलते. एखादी मैत्रिणीकडून, एखादी पुस्तकातून, आणि बऱ्याच जणी गाण्यातून.

मोबाइलची काळजी खोटी नाही. अनोळखी माणूस मेसेज करतो, अभ्यास राहतो, झोप जाते, पैसे जातात. त्याची व्यवस्था लावायलाच हवी. वेळ ठरवा, बारीक लक्ष ठेवा, कुणाशी बोलते ते विचारा. पण मोबाइलची काळजी वेगळी आणि गाण्याची भीती वेगळी. दोन्ही एकाच पिशवीत भरू नका. चीनच्या सरकारपाशी पोलीस होते, भोंगे होते, पुस्तिका होत्या, तरी त्यांना गाणं थांबवता आलं नाही. आपण रिचार्ज बंद करून काय थांबवणार? फार तर पोरगी आपल्याला सांगायचं बंद करेल. ते नुकसान जास्त मोठं.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. घरी जाऊन आपल्या पोरीला, सुनेला, भाचीला म्हणा, तुझं आवडतं गाणं मला ऐकव. भाषा कळली नाही तर तिला अर्थ विचारा. तो तिला माहीत असतो, तिने शोधून काढलेला असतो. ती जो अर्थ सांगेल तो नीट ऐका, कारण तो अर्धा गाण्याचा असतो आणि अर्धा तिच्या मनातला. मग तिला आपलं एक गाणं ऐकवा, जे तुम्ही तिच्या वयाच्या असताना म्हणत होतात. ओवी असो, सिनेमातलं असो, भीमगीत असो, नाहीतर लग्नातलं. बैठकीत एकेकीने उभं राहून सांगायचं, पोरीने काय ऐकवलं आणि मी काय ऐकवलं. सांगताना सुरुवात ‘मी’ने करायची. ‘आमच्यात’ने नाही.